कवळी

वर्धा,
५ नोव्हेंबर २०२५

चि. छकुली,


तू महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तुझी आई माझ्या दारात उभी. हातात स्टीलची डबी आणि चेहरा असा, की मला वाटलं भाऊचं काही बरंवाईट झालं. डबी उघडून माझ्यापुढे धरली नि म्हणाली, "ताई, पोरीचे दात पडले वाटते. कवळी लावते थे. आमाले सांगतलंबी नाही."

तुझं माउथगार्ड होतं ते. उशीखाली विसरलीस. आणि वहिनीचा स्वभाव तुला माहीत आहे, वस्तू हातात आली की आधी स्वच्छ करायची. तिने ते चहाच्या पातेल्यात घालून दहा मिनिटं खळखळ उकळलं. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायची वस्तू ती. पुन्हा उकळल्यावर तिचं काय होणार! तुझ्या दातांचा ठसा पुसला गेला आणि डबीत उरलं एक निळं, वाकडं, जिलबीच्या तुकड्यासारखं काहीतरी.

मग मला खरं सांगावं लागलं, की तू रग्बी खेळतेस. 'सकाळी धावायला जाते' असं तू वर्षभर घरी सांगत आलीस, ते संपलं. रग्बी म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, थोडी कबड्डी, थोडी कुस्ती आणि वर चेंडू. ती मटकन पायरीवर बसली. नाक मोडलं तर? कान पैलवानासारखे झाले तर? लग्नाचं काय, हे तिने विचारलं नाही, पण पदर ज्या रीतीने पिळत होती त्यावरून मला कळलं. शेवटी मी शब्द दिला की पोरीला एक खरमरीत पत्र लिहिते. तर हे ते पत्र. खरमरीतच आहे. खेळतेस म्हणून रागावलेले नाही मी, लपवलंस म्हणून रागावले आहे. आणि लपवण्यातलं मला कळतं, कारण त्याची किंमत मी दिलेली आहे.

माझ्या उजव्या गुडघ्याची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. 'आत्या विहिरीवर घसरली होती' ही घरात सगळ्यांना माहीत असलेली हकिकत. घडलं ते असं. १९८४ साल. मी अठरा वर्षांची, जिल्ह्याच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायची. आबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, खो-खो चालायचा. कबड्डी चालायची नाही, कारण तिच्यात पोरी एकमेकींच्या अंगावर पडतात. म्हणून मी खो-खोला जाते असं सांगून कबड्डी खेळायची. पिशवीत वर सलवार, खाली हाफ पँट. एका परगावच्या स्पर्धेत मी चढाईवाल्या पोरीचा घोटा धरला, ती आणि माझ्याच दोघी साखळीवाल्या असा सगळा ढीग माझ्या गुडघ्यावर कोसळला, आणि आतून 'कट्' असा आवाज आला. ऊस मोडल्यासारखा. संघाबरोबर आलेल्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. वगळतील ही भीती, आणि बातमी घरी पोचेल ही त्याहून मोठी भीती. त्यांनीही फार खोदून विचारलं नाही. पट्टी गुंडाळली नि उद्याचा सामना खेळून घे म्हणाले. मी खेळले. परत आले तेव्हा गुडघा बेलफळासारखा टणक आणि गोल. घरी विहिरीची थाप मारली. दोन महिने तेल चोळून घेतलं. आतला अस्थिबंध तुटलेला आहे हे मला वीस वर्षांनी, एका डॉक्टरांनी फोटो काढायला लावला तेव्हा कळलं. पुढे पट्टा बांधून अमरावतीला बी.पी.एड. केलं, तीस वर्षं पोरींना कवायत शिकवली. सगळ्यांना वाटतं मला शिक्षिकाच व्हायचं होतं. मला खेळायचं होतं गं.

आता तुझ्याकडे वळते. दिवाळीत तू गच्चीवर कपडे वाळत घालताना तुझ्या मनगटाजवळची निळी खूण मी पाहिली होती. सगळ्यांना स्कूटीवरून पडले म्हणालीस. माझी विहीर, तुझी स्कूटी. घराणं एकच.

तू गेल्यापासून मी रग्बीचे नियम वाचले, मोबाइलवर सामने पाहिले. सप्टेंबरमधला महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही पाहिला, इंग्लंड आणि कॅनडाचा. लंडनच्या ट्विकनहॅमला ८१,८८५ माणसं बायकांचा खेळ बघायला बसली होती. इंग्लंडने ३३-१३ असा जिंकला. मला जास्त नवल वाटलं ते हरलेल्या कॅनडाचं. या स्पर्धेच्या तयारीसाठी त्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ! आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागताना पोरं लाजत नाहीत, तुम्ही क्लबातल्या पोरी बुटांसाठी मागायला कशाला लाजता?

खेळ मला आवडला. आमच्या कबड्डीत जीव मुठीत धरून मध्यरेषेला हात लावायचा असतो, कोणी कितीही ओढलं तरी सोडायचं नाही. तुमच्यात पाडल्याबरोबर चेंडू सोडावाच लागतो, नाहीतर पेनल्टी. पहिल्या चार दिवसांत तू नक्की चेंडू पोटाशी धरून मुटकुळं करून पडली असशील. पास द्यायचा तो मागेच, त्यामुळे मागून कोण येतंय याचा कानोसा पळता पळता घ्यायचा. आट्यापाट्यातली हूल तुला येते, ती इथे उपयोगाला येईल. पाटीवरच्या पोरीला खांद्याने फसवून कमरेने दुसरीकडे जायचं, तेच. आणि एक गोष्ट फार चांगली वाटली, की बायकांसाठी वेगळे नियम केलेले नाहीत. तेवढंच मैदान, तीच ऐंशी मिनिटं, सातजणींचा खेळ असेल तर सात-सात मिनिटांचे दोन डाव. तू दमशील असं गृहीत धरून कोणी काही कमी केलेलं नाही.

एका बाबतीत मात्र तुझी कबड्डी तुझ्या जिवावर उठेल, म्हणून नीट वाच. आपण घोटा पकडायला जातो तेव्हा डोकं खाली घालून थेट पायांसमोर जातो. मातीत, पाय थांबलेले असताना, ते ठीक. पळत सुटलेल्या पोरीच्या गुडघ्यांसमोर डोकं नेशील तर तिचा गुडघा तुझ्या कानशिलात बसेल. डोकं नेहमी तिच्या बाजूला, तुझा गाल तिच्या ढुंगणाला चिकटलेला. हसू नकोस, शिकवणारे सगळे असंच सांगतात. नजर वर, पाठ सरळ, खांदा लावायचा आणि दोन्ही हातांनी मिठी मारून पाय ओढायचे. कुस्तीत पट काढतात तसं. हात न वापरता नुसता खांदा मारणं हा या खेळात गुन्हा, खांद्याच्या वर धरणं हा गुन्हा, हवेत उडालेल्या खेळाडूला हात लावणं हाही गुन्हा. सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर बसून मी धडकाधडकीच्या खेळाची वकिली करते आहे याची मला जाणीव आहे. पण निदान धडकण्याला इतके कायदे लावणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही.

तरीही डोक्याला लागेल. कधीतरी लागेलच. तेव्हा काय करशील ते आत्ताच ठरवून ठेव, कारण त्या क्षणी ठरवायला डोकं जाग्यावर नसतं. चक्कर, मळमळ, उजेड डोळ्यांत खुपणं, मागचं मिनिट न आठवणं, कारण नसताना रडू येणं, यातलं एक जरी झालं तरी मैदानाबाहेर. त्या दिवशी परत आत नाही, शेवटची दोन मिनिटं राहिली असली तरी नाही. बेशुद्ध पडलं तरच मेंदूला मार, हा गैरसमज आहे. बहुतेकदा शुद्ध जात नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेचा क्लब खेळाडूंसाठी नियम असा, की असा मार लागल्यावर २१ दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही, आणि निदान १४ दिवस काहीही त्रास नसल्याशिवाय अंगाला अंग लागणारा सराव करायचा नाही. तुमच्या क्लबात हे कुणाला माहीत नसेल तर तू सांग. आणि ते माउथगार्ड दात वाचवतं, मेंदू नाही. मऊ टोपी घालतात काही पोरी, तिने कान सोलायचे वाचतात, मेंदूला ती काही करत नाही. मुलींना हा मार जास्त लागतो, त्यामागे मान बारीक असणं हे कारण सांगतात; पण मला वाटतं दुसरं कारणही तितकंच खरं असावं. मुलगे सात-आठ वर्षांचे असल्यापासून एकमेकांना पाडत असतात, मुलींना अंगावर पडायचं कसं हे विसाव्या वर्षी शिकायला मिळतं. म्हणून मानेचे व्यायाम रोज कर, आणि पडायला शीक. पडायलाच आधी.

गुडघ्याचं सांगायला मी कोण! तरी सांगते. उडी मारून खाली येताना गुडघे वाकलेले हवेत आणि आत वळलेले नकोत. मांडीचा मागचा स्नायू कमावायचा. तुम्ही ज्याला एसीएल म्हणता तो बायकांचा पुरुषांपेक्षा जास्त तुटतो, आणि पळण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांच्या शहाण्या व्यायामाने ते प्रमाण कमी होतं. आळशी पोरी तो व्यायाम टाळतात. तू टाळतेस, मला माहीत आहे. शाळेतही वॉर्मअपला उशिरा यायचीस.

रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन तर आहेच, पण सिकलसेलचीही चाचणी कर. पुण्याच्या पोरींना हे सांगावं लागत नसेल, आपण विदर्भातले. आपल्या नात्यात दोघांना आहे, लग्न ठरवताना पत्रिकेपेक्षा तो कागद आधी मागायला हवा असं मी म्हणते तेव्हा लोक रागावतात. वाहक असलीस तरी खेळता येतं, जगात कितीतरी खेळाडू वाहक आहेत. पण उन्हात, पाणी न पिता, दमछाक होईपर्यंत पळणं वाहकाला घातक ठरू शकतं. म्हणून निकाल काय येईल तो प्रशिक्षकाला सांगायचा. इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, सुट्टीत आलीस तर सकाळी सहाच्या आत सराव आटपायचा.

पाळीचंही तसंच. तू फोनवर म्हणाली होतीस, पांढरी चड्डी आहे म्हणून दोघीजणी त्या दिवसांत येतच नाहीत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या पोरींनाही हेच वाटत होतं, त्यांनी तसं तोंडाने सांगितलं, आणि २०२३ पासून त्यांची पांढरी चड्डी जाऊन गडद निळी आली. इतकं साधं. त्यांच्या देशाचा संघ बदलू शकतो तर तुमच्या क्लबचा शिंपी बदलणार नाही?

आता तुमच्या मैदानाचं. मुलांना सहा ते आठ पूर्ण मैदान, आणि तुम्हाला कोपरा, तोही मुलं आली नाहीत तर. मुलांच्या जुन्या जर्शी, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. कपडे बदलायला स्कूटर्सच्या मागे ओढणी धरून उभं राहायचं. हे सांगताना तू हसत होतीस. मला हसू आलं नाही. तडजोड करायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, मागायला शिकवावं लागतं. लंडनच्या रिचमंड क्लबात चार बायका खेळायच्या. डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, अॅलिस कूपर, मेरी फोर्सिथ. बायकांचा विश्वचषक व्हायला हवा असं त्यांना वाटलं. जागतिक संघटनेने मान्यता दिली नाही. तरीही त्यांनी १९९१ मध्ये वेल्समध्ये तो भरवला, बारा संघ आले. सोव्हिएत संघाकडे परकीय चलन नव्हतं, त्या पोरी विकायला व्होडका नि मासळीची अंडी घेऊन आल्या होत्या! अमेरिकेने इंग्लंडला १९-६ हरवलं. त्या चौघींतली डेबोरा ग्रिफिन यंदा इंग्लंडच्या रग्बी संघटनेची अध्यक्ष झाली, पहिली स्त्री अध्यक्ष. चौतीस वर्षं लागली, पण सुरुवात चार जणींनी एका क्लबात केली होती. तुम्ही तर अकरा जणी आहात. एका कागदावर अर्ज लिहा, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण मैदान मागा, अकरा सह्या करा, पोच घ्या. तोंडी मागितलेलं तोंडीच विरतं, हे शाळेच्या कारकुनाकडून मी शिकले.

अजून एक लपवायचं नाही ते. हा अंगाला अंग लागणारा खेळ. पकड शिकवताना हात लागतो, लागणारच. पण शिकवणारा हात आणि दुसरा हात यातला फरक पोरीच्या कातडीला एका क्षणात कळतो, तिथे स्वतःशी वाद घालत बसू नकोस. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे सगळं लिहिलेलं आहे. तुमच्या संस्थेत तक्रार समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे आत्ताच विचारून ठेव. काही घडलेलं नसताना विचारलं की सोपं जातं. माझ्या काळात अशा गोष्टी आम्ही विहिरीवरसुद्धा बोलायचो नाही.

सामना संपला की दोन्ही संघ एकत्र बसून खातात, ही तुमची पद्धत मला फार आवडली. मघाशी जिला पाडलं तिलाच पोहे वाढायचे. सोबत बिअर असते म्हणालीस. तू दारूबंदीच्या जिल्ह्यातली पोरगी आहेस, म्हणजे दारू कुठे नि कशी मिळते ते तुला नीट माहीत असणार, त्यामुळे सोवळेपणा करत नाही. एवढंच सांगते, डोक्याला मार बसलेल्या दिवशी थेंबही नाही, आणि बाकीच्या दिवशी 'संघात बसायचं तर प्यावं लागतं' असं कोणी म्हणालं तर ताक मागव. मोठ्याने मागव.

वहिनी विचारत होती, "आपल्या पोरी खेळतात का वं असलं? का इंग्रजाच्याच?" मी तिला सांगितलं, तुझ्या पुण्याचीच वाहबिझ भरुचा भारताची कर्णधार होती, आणि ती स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे हाडं मोडणारी नाही, जोडणारी. हे वहिनीला पटलं. बंगालमध्ये सरस्वतीपूर नावाचा चहाचा मळा आहे, तिथल्या मजुरांच्या पोरी कोलकात्याच्या जंगल क्रोज क्लबच्या मदतीने खेळायला लागल्या आणि त्यातली संध्या राय देशाच्या संघापर्यंत गेली. बिहारची स्वीटी कुमारी आधी धावायची, मग तिच्या पायांना चेंडू मिळाला. २०१९ मध्ये तिला जगातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडलं. पुरुषांचा भारतीय संघ १९९८ मध्ये पहिल्यांदा उतरला. बायकांचा पंधरा जणींचा संघ त्यानंतर वीस वर्षांनी, जून २०१८ मध्ये, सिंगापूरला. वर्षभराने मनिलात सिंगापूरच्याच संघाला २१-१९ असं हरवलं, सामना संपत आलेला असताना ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी मारून. तो पहिला विजय. हे सगळं ऐकून वहिनी म्हणाली, मग टीव्हीवर काहून दिसत नाहीत? यंदा जूनमध्ये मुंबईला रग्बीची मोठी लीग झाली, सहा संघ, टीव्हीवरही दिसली. सहाही संघ पुरुषांचे होते. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा तुझ्या बाजूने रागावली. हे लक्षात ठेव.

भाऊला मी सांगणार नाही. ते तू सांगायचं. फोनवर नको, येशील तेव्हा समोर बसून. तो तोंड वाकडं करील, दोन दिवस बोलणार नाही, मग एक दिवस हळूच विचारील की संघात तुझी जागा कोणती. आबांनी कधी विचारलं नसतं. मी त्यांना संधीच दिली नाही. इकडे पावसाने कपाशीची बोंडं काळी पडली आहेत, त्याचं डोकं सध्या तिकडे आहे, म्हणून वेचणी आटपू दे.

संक्रांतीला येशील तेव्हा चेंडू घेऊन ये. स्वावलंबी मैदानावर सकाळी माझ्या जुन्या शाळेच्या पोरी येतात कबड्डीला, त्यांच्या हातात एकदा तो लांबोडका चेंडू देऊन बघायचा आहे मला. मी पळणार नाही, कडेला खुर्ची टाकून बसेन आणि ओरडेन.

वहिनीने शेव-चिवडा दिला आहे, शेजारचा मुलगा शनिवारी पुण्याला येतो आहे त्याच्याबरोबर पाठवते. त्या डबीत ती जिलबीही आहे. मी फेकून दे म्हटलं, तर म्हणाली, पोरीची वस्तू आहे, तिला विचारल्याशिवाय कशी फेकू. नव्याचे पैसे तुझ्या खात्यावर टाकले आहेत. ते तिनेच दिले आहेत, तुला सांगू नको म्हणाली. आणि विचारलं आहे, की नवी कवळी गरम पाण्यात किती वेळ ठेवायची असते, ते लिहून पाठव.

तुझी,
आत्या